महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र: सुदानच्या निर्वासितांना वस्तू नकोत, पैसे द्या

ब्रिटन आणि युरोपातल्या महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि विशेषतः खजिनदार यांना,

सप्रेम नमस्कार.

थोड्याच दिवसांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या वार्षिक सभा होतील आणि गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाची तयारीही सुरू झाली असेल. पाडव्याला आपण कुठल्या तरी सामाजिक कामासाठी पैसे गोळा करतो. यंदा ते सुदानमधून बाहेर पडलेल्या निर्वासितांसाठी करावेत, अशी माझी विनंती आहे. पैसे कुठे आणि कसे द्यायचे हे कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजमागे घाईघाईत ठरवू नये, आधी सभेत बसून ठरवावं. हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

सुदानच का, हे आधी सांगते. 15 एप्रिल 2023 ला खार्तूममध्ये लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडलं. त्या आठवड्यात आमच्या सांगली जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत कुणाला झोप नव्हती, कारण केनानाच्या साखर कारखान्यात आमच्या भागातली माणसं नोकरीला होती. ‘ऑपरेशन कावेरी’तून साडेतीन हजारांहून जास्त भारतीय पोर्ट सुदानहून जेद्दामार्गे सुखरूप परतले. आपली माणसं घरी आली आणि आपल्यासाठी ती बातमी तिथेच संपली. त्यांच्यासोबत त्याच कारखान्यात काम करणाऱ्या सुदानी माणसांना न्यायला मात्र कुठलंच विमान आलं नाही.

या लढाईला आता तीन वर्षं होत आली. एक कोटीहून जास्त लोकांना घरदार सोडावं लागलं. त्यातले चाळीस लाखांच्या आसपास देशाबाहेर गेले: इजिप्त, दक्षिण सुदान, लिबिया, इथिओपिया, युगांडा आणि चाड. मी चाडबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफूर प्रदेशातून निघालेल्यांना जवळची सीमा तीच आहे आणि जगातल्या अतिशय गरीब देशांपैकी तो एक आहे. पश्चिम दारफूरमधल्या अल जिनेना शहरापासून चाडमधलं अद्रे हे गाव साधारण तीस किलोमीटरवर आहे. जून 2023 मध्ये अल जिनेनात मसालित समाजाच्या लोकांना वेचून मारलं गेलं, तेव्हा लोक हे तीस किलोमीटर चालत निघाले आणि वाटेतही त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय संस्थेच्या मदतीने चालणाऱ्या अद्रेच्या रुग्णालयात तीन दिवसांत आठशेहून जास्त जखमी आले. लढाईपूर्वी अद्रेची वस्ती जेमतेम चाळीस हजारांची होती. नंतर गावाच्या कडेला काटक्या आणि चिंध्यांच्या झोपड्यांत त्याच्या कितीतरी पट माणसं येऊन राहिली. पूर्व चाडमध्ये 2003 पासूनच्या दारफूरच्या लढाईतले चार लाखांच्या आसपास निर्वासित आधीपासून होतेच. ज्यांचा जन्म छावणीत झाला, त्यांची मुलंही आता छावणीतच वाढताहेत.

आणि पैसा आटलाय. 2025 साली संयुक्त राष्ट्रांनी सुदानसाठी सुमारे 4.2 अब्ज डॉलरचं आवाहन केलं होतं. वर्ष संपेपर्यंत त्यातले निम्मेही जमले नाहीत. अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये परदेशी मदत गोठवली, युरोपातल्या सरकारांनीही हात आखडता घेतला. अशा वेळी एखाद्या मंडळाचे पाच-सात हजार पौंड म्हणजे समुद्रात थेंब, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. पण ते पैसे नीट गेले पाहिजेत, आणि इथेच मला आपल्या नेहमीच्या पद्धतीबद्दल मोकळेपणाने बोलायचं आहे.

2022 च्या मार्चमध्ये युक्रेनचे लोक पोलंडमध्ये येऊ लागले, तेव्हा मी ज्या मंडळाची सभासद आहे तिथे मदत गोळा झाली. लोक मनापासून आले होते. गाड्या भरभरून सामान आलं. सभागृहामागच्या खोलीत छतापर्यंत खोकी लागली आणि आम्ही काही जणी दोन संध्याकाळी ती उघडून लावत होतो. चांगली ब्लँकेटं होती, लहान मुलांचे कोट होते. त्याच खोक्यांत जरीचे झगे, उंच टाचांच्या सँडल, जोडी हरवलेले बूट, पोहण्याचे कपडे, अर्धी वापरलेली खोकल्याची औषधं आणि इंग्रजीतली गोष्टींची पुस्तकंही होती. व्हॅनचं भाडं, डिझेल, बोटीचं तिकीट, दोन चालकांची राहण्याची सोय असा सगळा खर्च मंडळाने केला. व्हॅन पोहोचली तेव्हा मेदिका सीमेवर कपड्यांचे ढीग उघड्यावर भिजत पडले होते, त्यांची छायाचित्रं तुम्हीही वर्तमानपत्रांत पाहिली असतील. त्या व्हॅनच्या भाड्यात पोलंडच्याच दुकानातून किती तरी नवे कोट आले असते. त्सुनामीनंतर नागपट्टिणमच्या रस्त्यांवर हेच झालं होतं. देशभरातून आलेले जुने कपडे ट्रकमधून टाकले गेले, मच्छीमार कुटुंबांनी त्यांना हात लावला नाही, आणि ‘गुंज’सारख्या संस्थेला नंतर ते उचलून, निवडून मार्गी लावायचं काम करावं लागलं.

चाडच्या बाबतीत ही गोष्ट पन्नास पटींनी खरी आहे. देशाला समुद्रकिनारा नाही. सामान कॅमेरूनच्या दुआला बंदरात उतरतं आणि तिथून हजाराहून जास्त मैल ट्रकने आत जातं. तुमच्या गॅरेजमधलं स्वेटरचं खोकं या वाटेने जाण्यात काहीही अर्थ नाही.

मग काय पाठवायचं? पैसे. आणि शक्य तिथे ते निर्वासितांच्या हातात पैसे म्हणूनच पडतील असं बघायचं.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगत नाही. आपल्याला चटकन कळेल अशी एक गोष्ट आहे. सुदानमध्ये रोजचं अन्न ज्वारी आहे. तिचं पीठ शिजवून घट्ट ‘असिदा’ करतात, किंवा आंबवून तव्यावर कागदासारखी पातळ ‘किस्रा’ घालतात. छावणीत शिधा मिळतो तो बहुतेक वेळा अख्ख्या ज्वारीचा. आता ज्वारी हातात आली म्हणजे जेवण झालं का? दळण कोण देणार? गिरणीवाल्याला द्यायला पैसे नसतात, म्हणून बाई त्या ज्वारीतलाच वाटा त्याला देते किंवा बाजारात पडत्या भावाने विकते. वर सरपण लागतं. ते आणायला लांब जावं लागतं, आणि दारफूरमध्ये सरपणाला गेलेल्या बायकांवर काय काय अत्याचार झाले ते वीस वर्षं नोंदवलं जातंय. मीठ, तेल, भाजी, साबण, आजारी पोराला दवाखान्यात न्यायचं गाढवगाडीचं भाडं यातलं काहीच शिध्याच्या पोत्यात नसतं. कागदावर दर माणशी इतके किलो धान्य वाटल्याची नोंद होते आणि चुलीपर्यंत त्यातलं बरंच कमी पोहोचतं. तेच थोडी रक्कम रोख मिळाली तर दळणही होतं, सरपणही विकत येतं, आणि गावातल्या दुकानदाराचा, गिरणीवाल्याचा धंदा चालतो. ज्या चाडी गावकऱ्यांनी आपल्या विहिरी आणि आपलं रान निर्वासितांबरोबर वाटून घेतलंय, त्यांनाही या माणसांचा थोडा उपयोग होतो. गावकरी आणि निर्वासित यांच्यात पाण्यावरून, लाकडांवरून तंटे होतात ते यानेच जरा निवळतात.

कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला 1943 पासून दुसऱ्या महायुद्धातले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. सोव्हिएत राजवटीने त्यांना सैबेरियात हाकललं होतं, तिथून इराणमार्गे ते आपल्याकडे आले. रेल्वेमार्गालगत बराकी उभ्या राहिल्या. त्यांना रांगेत ताटं धरून उभं केलं नव्हतं. दरमहा खर्चाला भत्ता मिळायचा, प्रत्येक कुटुंबाला स्वतःची खोली आणि स्वयंपाकाची जागा होती, आणि भाजीपाला, कापड, किराणा ते आपल्या मनाने विकत घ्यायचे. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं सगळं होतं. परके लोक पाच वर्षं राहून गेले आणि मागे कडवटपणा राहिला नाही, याचं एक कारण मला यात दिसतं: ते बाजारात गिऱ्हाईक म्हणून जात होते. वॉर्सात आज कोल्हापूरच्या नावाचं स्मारक उभं आहे. पुढच्या वेळी आपल्या मंडळाची सहल वॉर्साला गेली तर ते जरूर दाखवा.

रोख रक्कम प्रत्येक ठिकाणी चालत नाही, हेही तितकंच खरं. बाजारच नसेल तर नोटा कशाला? उत्तर दारफूरमधलं अल फाशेर शहर दीड वर्षाच्या आसपास वेढ्यात होतं आणि 26 ऑक्टोबर 2025 ला पडलं. त्या वेढ्यात लोक ‘अंबाझ’ खात होते. अंबाझ म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढल्यावर उरते ती पेंड. आपल्याकडे दुभत्या जनावरापुढे ठेवतात, ती पेंड माणसं पाण्यात भिजवून पोरांना भरवत होती, आणि शेवटी शेवटी तीही मिळेना. शहराजवळच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचं ऑगस्ट 2024 मध्येच जाहीर झालं होतं. अशा जागी शिजवलेलं अन्न आणि कुपोषित मुलांसाठीची शेंगदाण्याची तयार पेस्ट हेच उपयोगाचं. त्या पेस्टचं पाकीट 92 ग्रॅमचं असतं, त्यात पाचशेच्या आसपास कॅलरी असतात, ती शिजवावी लागत नाही, पाणीही घालावं लागत नाही. दीडेकशे पाकिटांत, दीड-दोन महिन्यांत, मरणाच्या दारातलं मूल उठून खेळायला लागतं. या एका उपायाइतका खात्रीचा दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

सुदानच्या आत अन्न शिजवण्याचं सगळ्यात मोठं काम कुणी केलं असेल तर ते तिथल्याच तरुणांनी. मोहल्ल्या-मोहल्ल्यांत ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स’ या नावाने स्वयंसेवकांचे गट उभे राहिले. ते सामुदायिक स्वयंपाकघरं चालवतात, पाण्याचे पंप दुरुस्त करतात, जखमींना हलवतात. पैसे बहुतेक वेळा ‘बँक ऑफ खार्तूम’च्या ‘बंकाक’ या मोबाइल अ‍ॅपवरून येतात, त्याच दिवशी बाजारातून मसूर आणि ज्वारी येते, संध्याकाळी मोठ्या पातेल्यात शिजते. मोठ्या संस्थांचे ट्रक परवानग्यांसाठी आठवडे अडकून पडले असताना या मुलांनी लाखो लोकांना जेवू घातलं, आणि त्यासाठी दोन्ही बाजूंचा मार खाल्ला, तुरुंग भोगला. 2025 चा राइट लाइव्हलिहुड पुरस्कार त्यांना मिळाला. अमेरिकेचे पैसे थांबले तेव्हा त्यांची शेकडो स्वयंपाकघरं काही दिवसांत बंद पडली. त्यांना बाहेरून देणगी पोहोचवणारी ‘म्युच्युअल एड सुदान कोअलिशन’ ही सोय आहे. छोट्या मंडळाच्या रकमेने एखाद्या मोहल्ल्याची चूल पुन्हा पेटू शकते, आणि माझ्या मते आपल्या देणगीचा एक भाग तरी तिकडे गेलाच पाहिजे.

इथे सभेत हमखास एक प्रश्न येतो: पैसे खरोखर पोहोचतात कशावरून? प्रश्न रास्त आहे. पण आपण तो चुकीच्या ठिकाणी लावतो. संस्थेचा ऑफिसखर्च किती टक्के, एवढंच विचारतो आणि आकडा लहान असला की समाधान मानतो. यादी नीट ठेवणारा कारकून, मालाचा हिशोब ठेवणारा गोदामप्रमुख, जोखीम पत्करून टँकर चालवणारा ड्रायव्हर यांचा पगार या ‘खर्चा’तच येतो. ती माणसं नसतील तर वाटप नावाला होतं. त्यापेक्षा हे विचारा: संस्था संकटाच्या आधीपासून तिथे आहे का? तिचे ताळेबंद दरवर्षी प्रसिद्ध होतात का? तिथली माणसं कामावर आहेत की सगळी बाहेरून आणलेली? आणि पुरेसे पैसे जमले तर ती तसं सांगते का? 2004 च्या त्सुनामीनंतर डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सने काही दिवसांतच त्सुनामीसाठी आणखी देणगी नको असं जाहीर केलं होतं आणि आलेले पैसे दुसऱ्या संकटांकडे वळवायची परवानगी देणगीदारांकडे मागितली होती. अशा संस्थेवर मी डोळे मिटून विश्वास ठेवते. याउलट ‘दहा पौंडांत एका कुटुंबाचं आयुष्य बदला’ असं छापणाऱ्यांपासून जरा लांब राहा.

देताना आपणही अटी कमी घालाव्यात. ‘फक्त लहान मुलांसाठी’, ‘फक्त शाळेच्या दप्तरांसाठी’ असं बांधून दिलेले पैसे कधी कधी वापरताच येत नाहीत, कारण त्या आठवड्यात कॉलरा आलेला असतो आणि क्लोरीन हवं असतं. आणखी एक, कळकळीने सांगते. मंडळाचा फलक हातात धरलेल्या मुलांचे फोटो मागू नका. ज्या माणसांना त्यांच्या जातकुळीवरून शोधून मारलं गेलं, त्यांचे चेहरे इंटरनेटवर टाकणं धोक्याचं आहे. पावती आणि वर्षाचा अहवाल आपल्याला पुरे.

आता पाडवाच का, ते सांगते. पूर्व चाडमध्ये जून ते सप्टेंबर पाऊस पडतो. एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यांना पूर येतात, रस्ते तुटतात, ट्रक दोन-दोन आठवडे चिखलात अडकतात. धान्य, औषधं, ताडपत्र्या त्याआधी जागेवर असाव्या लागतात. हाच काळ जुनं धान्य संपून नवं पीक यायचा, म्हणजे सगळ्यात जास्त भुकेचा, आणि हिवतापाचाही. पाडव्याला जमलेले पैसे एप्रिलमध्ये गेले तर त्यांची खरेदी पावसाआधी होते. गणपतीत जमलेले पोहोचेपर्यंत हंगाम निघून जातो. आपला सगळ्यात मोठा निधी गणेशोत्सवात जमतो हे मला माहीत आहे, तो इतर कामांना राहू दे.

त्याहून चांगलं म्हणजे दरमहा थोडं देणं. 1971 साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, तेव्हा सरकारने प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं निर्वासित साहाय्याचं जादा तिकीट लावायला लावलं. देश गरीब होता, दुष्काळ तोंडावर होता, तरी गावोगावच्या माणसाने पत्रामागे ते पाच पैसे दिले. रक्कम कुणाला जड गेली नाही आणि ओघ महिनोन्‌महिने टिकला. दोनशे सभासदांच्या मंडळात शंभर घरांनी महिना पाच पौंडांची स्थायी सूचना बँकेला दिली, तर वर्षाचे सहा हजार होतात. देणाऱ्यांनी ब्रिटनमध्ये प्राप्तिकर भरलेला असेल आणि गिफ्ट एडचा फॉर्म भरला तर सरकार प्रत्येक पौंडामागे पंचवीस पेन्स वर घालतं, म्हणजे साडेसात हजार. हा फॉर्म भरून घ्यायचा आपण दरवेळी कंटाळा करतो आणि हक्काचे पैसे सोडून देतो. त्यासाठी देणगी प्रत्येक सभासदाच्या स्वतःच्या नावाने गेली पाहिजे, डब्यात टाकलेल्या नोटांचा हिशोब वेगळा पडतो, हे खजिनदारांनी लक्षात घ्यावं. ज्यांच्या कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकी भर घालतात त्यांनी तेही विचारावं. भारतातल्या नातेवाइकांना मात्र यात ओढू नका. तिथून परदेशी संस्थेला पैसे पाठवायची कागदपत्रं वेगळी आहेत आणि भारतातली 80 जी कलमाची करसवलतही त्याला मिळत नाही.

‘आपल्याकडेच गरजू कमी आहेत का?’ हेही कुणीतरी म्हणेल, आणि म्हणणारी व्यक्ती बहुधा मेळघाटासाठी किंवा मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांसाठी खरंच काही करत असते. त्यांचं काम कमी करा असं मी म्हणत नाही. आपली मंडळं वर्षाला नाटकं, ढोलपथकं, जेवणावळी यांवर जो खर्च करतात त्यातला एक छोटा हिस्सा मी मागते आहे. आपणही परक्या देशात राहतो. कागदपत्रं हातात असलेले, विमानाने आलेले असलो तरी दुसऱ्याच्या देशात जागा मिळणं म्हणजे काय हे आपल्याला कळतं. आणि अद्रेजवळच्या चाडी शेतकऱ्याने, ज्याच्याकडे स्वतःलाच वर्षभर पुरेल इतकं धान्य नसतं, आपल्या रानात झोपड्या बांधू दिल्या.

सभेपुढे ठेवायचा ठराव मी असा सुचवते. पाडव्याचा निधी सुदानी निर्वासितांसाठी राहील. वस्तू स्वीकारल्या जाणार नाहीत. रकमेचा अर्धा भाग चाडमध्ये आधीपासून काम करणाऱ्या, रोख मदत किंवा कुपोषणावरचे उपचार देणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेला आणि अर्धा स्थानिक स्वयंपाकघरांना, दोन्हीही विनाअट. मासिक देणगीसाठी दोन सभासदांची छोटी समिती, जी सहा महिन्यांनी हिशोब सभासदांपुढे ठेवेल. त्या समितीत काम करायला मी तयार आहे, आणि गिफ्ट एडचे फॉर्म पाडव्याच्या दिवशी दारात टेबल टाकून भरून घ्यायचं कामही माझ्याकडे द्या.

कार्यक्रमपत्रिका छापायला जाण्याआधी हा विषय त्यात घालावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक आजीव सभासद, मूळची सांगली जिल्ह्यातली